कोरल खंगायला लागलं की: हात घालण्याआधीची तयारी

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं कोरल (प्रवाळ) मिटून बसलं की दुकानात पळू नका, आधी कपाट उघडा. कपाटात एक छोटी बाटली हवी: रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र, जुळवायचं ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशन फ्लुइड. नसेल तर आजच मागवा, आणि ती हातात पडेपर्यंत टँकमध्ये काहीही ओतू नका. मागच्या वेळी माझ्याकडे बाकी सगळं होतं, हीच नव्हती.

टेस्ट किट, थर्मामीटर, बादल्या, हातमोजे असतातच. किटच्या तारखा बघा. पाणी ७८ फॅरनहाइटच्या आसपास. आरओ-डीआयच्या, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. झालं.

आता रिफ्रॅक्टोमीटर. ‘मी आरओच्या पाण्यावर शून्याला लावतो की’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शून्याला बरोबर असलेलं यंत्र पस्तिसाला बरोबर असेलच असं नाही. स्वस्तातली बरीच यंत्रं तर मुळात साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात, आणि समुद्राच्या पाण्यात मिठाशिवाय बरंच काही असतं. जिथे वाचायचं तिथेच जुळवायचं. काचेवर फ्लुइडचे दोन-तीन थेंब, झाकण खाली, मिनिटभर थांबा, म्हणजे थेंब आणि काच एका तापमानाला येतात; मग स्क्रू फिरवून निळ्या-पांढऱ्याची सीमा ३५ वर आणा. बाटली त्याच खोलीत ठेवा. बूच सैल राहिलेली जुनी बाटली सरळ फेका, त्यातलं पाणी उडून फ्लुइडच खारट झालेलं असतं.

एवढा जोर का देतोय? सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, चुकली की बाकीचे आकडेही तिच्यामागे फरफटत जातात. समजा यंत्र ३५ दाखवतंय आणि पाणी खरं तर ३१ आहे. मग ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२०) असायला हवं ते कॅल्शियम ३७० च्या जवळपास भरतं, १३०० चं मॅग्नेशियम ११५० ला येतं, आठाचं अल्क (अल्कलिनिटी, पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच या एककात मोजतात) सातावर. तिन्ही साधारण एकाच प्रमाणात खाली. तुम्ही तिन्हींचं डोसिंग, म्हणजे टँकमध्ये ओतायची मात्रा, वाढवता, कागदावर सगळं छान दिसायला लागतं आणि कोरल आहे तिथेच. तिन्ही एकदम एकाच बाजूला सरकलेले दिसले तर डोसिंगला हात लावायचा नाही, बाटली काढायची. नुसतं अल्क घसरलं असेल तर गोष्ट वेगळी, ते कोरलनं वापरलंय. एक डीकेएच अल्कमागे कॅल्शियम जेमतेम सात पीपीएम उतरतं, किटवर ते कळतही नाही. अल्क रोज एकाच वेळी मोजा, डोसच्या आधी, आणि दिवसाला एक डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका.

इथे न्यू जर्सीत हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की हवा कोरडी पडते आणि पाणी भराभर उडतं. ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची भर आपोआप घालणारं यंत्र) अडकला तर सॅलिनिटी गुपचूप वर जाते. चूक सापडली तरी एका दमात दुरुस्त करू नका, दिवसाला एक पीपीटी पुरे. वर न्यायची असेल तर उडालेल्या पाण्याच्या जागी आरओऐवजी मिठाचं पाणी घाला. खाली आणायची असेल तर थोडं टँकचं काढून आरओ.

हे झालं की मग कोरलकडे बघा. ‘पांढरं पडलंय’ एवढ्यावर काही ठरत नाही. मांस जागेवर आहे पण काचेसारखं होऊन आतला सांगाडा दिसतोय, तर ते ब्लीचिंग: प्रकाश जास्त, उष्णता जास्त, किंवा नायट्रेट-फॉस्फेट पार शून्य. असं कोरल वाचू शकतं; लाइट कमी करा, थोडं खायला घाला. मांसच गेलंय आणि नुसता पांढरा सांगाडा उरलाय, तर वेग बघा. बुडापासून दिवसागणिक सरकतंय तर कारण शोधायला वेळ आहे. काही तासांत सोलून निघतंय तर वेळ नाही, कापा. हॅमर, टॉर्च या जातींचं कोरल असलेल्यांनी तोंडाकडे न बघता कडा बघावी: मांस मागे हटलं की सांगाड्याच्या काठावरच्या पातळ उभ्या पात्या उघड्या पडतात, तोंड मात्र वरून फुललेलं दिसतं. तपकिरी जेली दिसली तर आधी पंप बंद, मग नळीनं ओढून घ्या, टँकभर पसरवू नका.

रात्री दिवे गेल्यावर लाल उजेडात एकदा बघाच. मॉन्टिपोरा कोरलवरचे न्युडिब्रँक (शंख नसलेल्या गोगलगायी), अॅक्रोपोरावरचे चपटे किडे, शेजारच्या टॉर्चचे रात्री लांबवर पसरणारे दंश करणारे तंतू, दिवसा यातलं काही कळत नाही.

डिपसाठी, म्हणजे किडे मारायला कोरल औषधाच्या पाण्यात बुडवायला, दोन भांडी, दोन्हीत टँकचंच पाणी. एकात औषध, दुसरं धुवायला. वेळ बाटलीवर असेल तीच. अंडी डिपनं मरत नाहीत, म्हणून आठवड्यानं परत. आणि सॅलिनिटी तपासल्याशिवाय डिप करायचा नाही! आधीच चुकीच्या पाण्यात कुढणाऱ्या कोरलला तो शेवटचा धक्का ठरतो. फ्लुइड, मग डिप. क्रम बदलायचा नाही.

कापायला हाडकटर, जेल सुपरग्लू, तुकडा चिकटवायला प्लग (छोटी चकती). निरोगी भागात सेंटिमीटरभर आत शिरून कापा, मेलेल्या रेषेवर नको. झोअँथिड (बटणांसारखे मऊ कोरल) असतील तर चष्मा आणि हातमोजे हवेतच. त्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष माणसाला दवाखान्यात पोचवतं. असा दगड उकळायचा तर कधीच नाही, वाफेतूनही विषबाधा होते.

भारतातल्यांसाठी: दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरचा तुकडा ‘वाचवायला’ घरी आणणं हा गुन्हा आहे.

नंतरचं थोडक्यात. फिल्टरमधला कार्बन बदला. पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) मॅग्नेटवर गंज आहे का बघा. कापलेला तुकडा खाली, मंद उजेडात, प्रवाह फिरता. रोज जागा बदलू नका. आठवडाभर नवीन काही घालू नका. तुकडे तगले तर त्यातला एक मित्राच्या टँकमध्ये ठेवायला द्या, पण देण्याआधी डिप करून, नाहीतर किडेही त्याच्याकडे जातील.