इलेक्ट्रॉन बीमची एनर्जी मोजताय? लिनॅकवर या चुका टाळा

लिनॅकच्या, म्हणजे कॅन्सरवर रेडिएशन देणाऱ्या मशीनच्या, कन्सोलवर ‘१२ एमईव्ही’ (ऊर्जेचं एकक, दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) दिसतं म्हणून बीम नेमका १२चा आहे असं धरून चालू नका. तो आकडा म्हणजे त्या बीमचं नाव. स्कॅटरिंग फॉइल (बीम पसरवणारा पातळ पत्रा) आणि हवेतून येताना इलेक्ट्रॉनांची थोडी ऊर्जा वाटेतच खर्च होते. म्हणून तर आपण पाण्यात मोजतो. रेडिएशनचा डोस कमाल डोसच्या निम्म्यावर येतो ती खोली, म्हणजे आर-५०, सेंटीमीटरमध्ये घ्यायची आणि २.३३ने गुणायची, पृष्ठभागावरची सरासरी ऊर्जा एमईव्हीमध्ये मिळते. म्हणजेच खोली १ मिलिमीटर चुकली की ऊर्जा ०.२३ एमईव्हीनं चुकली. स्तन काढलेल्या बाईच्या छातीवर आपण हाच बीम देतो आणि त्या पातळ थराच्या मागे लगेच फुफ्फुस असतं. मिलिमीटरसाठी जीव टाकायचा तो त्यासाठी.

सगळ्यात जास्त फसवतं ते पाणी. लातूरला एका मे महिन्यात मी सकाळी शून्य लावून, म्हणजे डोस मोजणाऱ्या चेंबरचा मध्य पाण्याच्या पातळीवर आणून, टाकीत स्कॅन सुरू केले. मधेच लाइट गेली, एसी बंद पडला, काम लांबलं. दुपारी १२ एमईव्हीचा आर-५० सकाळपेक्षा १ मिलिमीटर जास्त आला. मशीनवरच संशय आला होता, पण आधी टाकीच्या कडेला वाकून पाण्याखालून वर बघितलं. सिलिंड्रिकल चेंबर शून्यावर असताना त्याचा बुडालेला अर्धा भाग आणि त्याचं प्रतिबिंब मिळून पूर्ण गोल दिसायला हवा. तो गोल चपटा झाला होता. पाणी उडून पातळी उतरली होती, बीम जिथल्या तिथे होता. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात दर एक-दोन तासांनी शून्य पुन्हा बघाच. दिवसभरात एनर्जी एकाच दिशेनं ‘वाढत’ गेली तर आधी पातळी तपासा.

दुसरी चूक चेंबरच्या मध्याची. इलेक्ट्रॉनसाठी सिलिंड्रिकल चेंबरचा परिणामी बिंदू (मोजणी ज्या खोलीची मानायची तो) मध्यापासून अर्ध्या त्रिज्येइतका वर, बीमच्या बाजूला धरतात. त्रिज्या ३ मिलिमीटर असेल तर १.५ मिलिमीटर, म्हणजे ०.३५ एमईव्ही. सॉफ्टवेअरनं ही दुरुस्ती आधीच केली असेल तर हातानं परत करू नका. १० एमईव्हीच्या खाली मात्र पॅरलल-प्लेट (चपटा) चेंबरच वापरा.

चेंबर देतो तो आयनीकरणाचा वक्र, डोसचा नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) टीआरएस-३९८ या डोस मोजणीच्या नियमावलीप्रमाणे त्याच्या ५० टक्के खोलीला १.०२९ने गुणून ०.०६ वजा करायचे (खोली १० सेंटीमीटरपर्यंत असेल तर). ५.०० सेंटीमीटरचे ५.०९ होतात. डायोडनं (सेमीकंडक्टर डिटेक्टरनं) मोजत असाल तर हे सूत्र लावू नका, तो जवळपास डोसच दाखवतो. फील्ड, म्हणजे बीमचा चौकोन, किमान १०×१० सेंटीमीटर ठेवा. आर-५० ७ सेंटीमीटरच्या वर असेल तर २०×२०.

महिन्याच्या तपासणीत पाण्याऐवजी प्लॅस्टिकचे स्लॅब ठेवून दोन खोल्यांचं गुणोत्तर काढताना दोन्ही खोल्या कमाल डोसच्या आसपास घेतलेल्या मी अनेकदा बघितल्या आहेत. तिथे वक्र जवळजवळ सपाट असतो, ऊर्जा सरकली तरी गुणोत्तर हलत नाही. एक खोली उतारावर, आर-५०च्या जवळ घ्या. स्लॅबमध्ये हवेची फट राहिली नाही ना, तेही बघा.

एवढं करूनही आर-५० मूळ मोजणीपासून २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेलाच दिसला, तर फ्लॅटनेस-सिमेट्रीचे (बीम सपाट आणि दोन्ही बाजूंना सारखा आहे का, याचे) आलेख काढून ठेवा आणि सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. तो येईपर्यंत ती एनर्जी रुग्णांसाठी बंद ठेवा. बाकीच्याही तपासूनच चालू ठेवा.