सांधेबदलानंतर जखम ओली दिसली तर

आईचा उजवा गुडघा बदलला, त्याला दोन वर्षं झाली. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी तिच्या ड्रेसिंगवर बोराएवढा पिवळसर ओला डाग दिसला. ताप नव्हता, दुखणंही आदल्या दिवशीइतकंच. मी ड्रेसिंग बदललं आणि घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दोन दिवस तिला दिल्या. फोन केला तो बाराव्या दिवशी. माझी ही चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हे लिहितेय.

कृत्रिम सांध्यातलं इन्फेक्शन साध्या जखमेसारखं नसतं. धातूला आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नाही. त्वचेवर एरवी निमूट राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू तिथवर पोचले की पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर धरतात. याला बायोफिल्म म्हणतात. तो थर मुरला की औषधही आत पोचत नाही आणि शरीराच्या पांढऱ्या पेशीही. म्हणून इथे दिवस मोजायचे. लक्षणं सुरू होऊन साधारण ३ आठवड्यांच्या आत असतील, तर सांधा उघडून, धुऊन, मधला प्लास्टिकचा भाग बदलून धातूचा सांधा वाचण्याची चांगली आशा असते. उशीर झाला तर बहुतेक वेळा सगळाच सांधा काढावा लागतो. काही आठवडे तिथे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा राहतो आणि मग पुन्हा नवा. हे १०० पैकी १-२ जणांच्याच वाट्याला येतं, तेव्हा धास्तीने ऑपरेशन टाळू नका. मात्र मधुमेह, धूम्रपान, फार जास्त वजन किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तर धोका वाढतो.

यातलं बरंच ऑपरेशनआधी हातात असतं. साखर आटोक्यात आणा. सिगारेट किमान ४ आठवडे आधी सोडा. किडलेला दात, पायावरची जखम, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या आधी बऱ्या करून घ्या. त्या सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख सांगा, कारण त्यानंतर ३ महिने तरी थांबलेलं बरं. आणि पायावरचे केस घरी ब्लेडने काढू नका. न दिसणारे ओरखडे उठतात आणि तिथेच जंतूंना जागा मिळते.

घरी आल्यावर रोज ठरावीक वेळी, एकाच जागी, एकाच उजेडात पाय बघा आणि फोटो काढा. आम्ही सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीवर हे करायचो. डोळ्यांना रोजचा फरक कळत नाही, पण चार दिवसांचे फोटो शेजारी ठेवले की कळतो. लाली दिसली तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि वेळ लिहा. रेघ ओलांडून लाली पुढे गेली तर वाट बघत बसू नका. ड्रेसिंग सांगितल्याशिवाय उघडायचं नाही. उघडायला सांगितलं असेल तर हात साबणाने धुऊनच. पावडर, तेल, क्रीम काही लावायचं नाही. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. जखम पूर्ण भरेपर्यंत पाय पाण्यात बुडवून ठेवू नका.

पहिल्या आठवड्यात पोटरीपर्यंत उतरलेलं काळंनिळं बघून मी हादरले होते. ते चालतं. पहिल्या एकदोन दिवसांतली थोडी कणकणही चालते. गुडघा हाताला गरम लागणं आणि संध्याकाळी सुजणं काही महिने टिकतं. जखमेच्या बाहेरच्या बाजूची बधिरता तर कधीकधी कायमची राहते.

चालत नाही ते हे: आठवडा उलटला तरी जखमेतून पाणी येणं, सुकलेली जखम पुन्हा ओली होणं, टाक्यांमध्ये फट, पस, थंडी वाजून ताप, किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं. शेवटचं लोक फार सहज सोडून देतात, ‘व्यायाम जास्त झाला असेल’ म्हणून. आणि ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, ही समजूत तर काढूनच टाका. आईला एकही दिवस ताप आला नाही.

फोन कुणाला करायचा? ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच. सांगताना ‘थोडं ओलं वाटतंय’ म्हणू नका. कितवा दिवस, डाग केवढा, रंग कुठला, कधीपासून, हे सांगा आणि फोटो पाठवा. त्यांच्याशी बोलल्याशिवाय अँटिबायोटिकची एकही गोळी नको. सांध्यातलं पाणी सुईने काढून जंतू कुठला ते तपासतात. आधीच गोळ्या पोटात असतील तर नमुन्यात जंतू बऱ्याचदा उगवतच नाही. आईच्या पहिल्या नमुन्यात काहीच उगवलं नाही. सांधा धुताना घेतलेल्या तुकड्यांतून एका नमुन्यात दहाव्या दिवशी जंतू सापडला, तेव्हा कुठे नेमकं औषध सुरू झालं. एकूण ३ महिने. माणूस बरळत असेल, दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर मात्र फोनाफोनी सोडा आणि थेट इमर्जन्सीत न्या. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर रक्ताची गाठ असू शकते, तेही त्याच दिवशी दाखवायचं.

या भीतीपायी व्यायाम थांबवू नका. उशी गुडघ्याखाली नाही, टाचेखाली. गुडघ्याखाली उशी घेऊन बरं वाटतं, पण पाय वाकडाच राहतो. आई टाचेखाली उशी घेऊन गुडघा खाली दाबायची, मी पाच आकडे मोजायची. दुसऱ्यांदा गुडघा उघडल्यावर हे सगळं पहिल्यापासून करावं लागलं, तरी १२ आठवड्यांत ११० अंश वाकला. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

वर्षं उलटली तरी रक्तातून जंतू सांध्यात येऊ शकतात. दाताचं गळू, पायाची चिघळलेली जखम, तापासह लघवीचं इन्फेक्शन अंगावर काढू नका. दातांच्या डॉक्टरांना सांधा बदलल्याचं सांगा. त्यांच्याकडे प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागतंच असं नाही, ते त्यांना ठरवू द्या. आईच्या टाचांना भेगा आहेत. दर रविवारी ती पाय माझ्या मांडीवर ठेवते, मी तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघते आणि सकाळच्या त्याच खिडकीत फोटो काढते.