ओएलईडी लावून प्रदर्शनाला निघालाय? आधी पिनांची नावं वाचा

पुढच्या आठवड्यात भाचीचं विज्ञान प्रदर्शन आहे. गेल्या वर्षीचा घोळ परत नको म्हणून ही यादी स्वतःसाठीच लिहायला घेतली होती, मग म्हटलं आर्डुइनोचा नॅनो बोर्ड (प्रोग्राम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि ते इवलेसे ओएलईडी डिस्प्ले घेऊन अजून कोण कोण बसलं असेल, त्यांना पण होईल. मॉडेल काय होतं ते आधी सांगतो. माशांची काचेची पेटी, तिच्यातलं पाणी म्हणजे पंचगंगा, वर उलटा टांगलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर, आणि १ सेंटीमीटर म्हणजे २ फूट असं धरून पाण्याची पातळी डिस्प्लेवर. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. राजाराम बंधाऱ्याचे हे दोन आकडे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतात, पावसाळ्यात माणसं चहाच्या आधी पातळी विचारतात, त्यामुळं आमच्या टेबलापुढं गर्दी बरी होती. दुपारपर्यंत. मग डिस्प्ले गेला, मी पिशवीतनं स्पेअर काढला, खोचला, आणि जाळ अन् धूर संगटच. परीक्षक तेव्हा दोन टेबलं अलीकडं होते.

तर पहिली गोष्ट, आणि ही मी खाली अजून चारदा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाचा: डिस्प्ले जोडायच्या आधी त्याच्या पिनांवर छापलेली नावं वाचा. चार पिनांचे हे जे ०.९६ इंची मॉड्यूल मिळतात त्यातल्या काहींवर डावीकडनं जीएनडी, व्हीसीसी, एससीएल, एसडीए असा क्रम असतो आणि काहींवर व्हीसीसी, जीएनडी, एससीएल, एसडीए. व्हीसीसी म्हणजे सप्लायचा प्लस, जीएनडी म्हणजे मायनस, बाकी दोन सिग्नलच्या. बाकी सगळं तेच, तीच काच, तोच निळा बोर्ड, तीच चार भोकं, एकाच दुकानातनं दोन महिन्यांच्या अंतरानं घेतले तरी क्रम बदललेला निघू शकतो. दुकानदाराला दोष नाही, छापलेलं असतंच, आपण वाचत नाही. उलटा सप्लाय गेला की मॉड्यूलवरच्या रेग्युलेटरमधनं (व्होल्टेज ताब्यात ठेवणारी चिप) नको त्या दिशेनं करंट वाहतो, तो तापतो, आणि बोट लावून "गरम लागतंय का बघू" म्हणेपर्यंत विषय संपलेला असतो.

माझा शहाणपणा असा की मी सुट्या वायरी न ठेवता चार पिनांचा एकच फिमेल कनेक्टर केला होता, मस्त श्रिंक ट्यूब वगैरे घालून, म्हणजे ऐनवेळी पटकन बदलता येईल. पटकनच बदलला. कनेक्टर उलटा बसू नये म्हणून त्याच्यावर बाणपण काढला होता, पण मॉड्यूलच वेगळं असेल तर बाण काय करणार. भाची शेजारी उभी, ती म्हणाली, "मामा, कसला तर वास यायलाय." मी म्हटलं शेजारच्या ज्वालामुखीचा असेल. नव्हता.

आता रीतसर सुरुवातीपासनं.

खरेदी. चार पिनांचा म्हणजे आयटूसीचा (दोन सिग्नल वायरींवर बोलायची पद्धत) घ्या, सात पिनांचा एसपीआय नावाच्या दुसऱ्या पद्धतीचा असतो, तो वाईट नाही पण वायरी वाढतात आणि कोड बदलतो. दुकानात "ओएलईडी द्या" एवढंच म्हणू नका. दुसरं म्हणजे १.३ इंची मॉड्यूल मोठं दिसतं म्हणून मोह होतो, तर त्यावर बहुतेक वेळा एसएच११०६ चिप असते, ०.९६ वर एसएसडी१३०६. एसएच११०६ ची आतली मेमरी १३२ कॉलमची आणि काच १२८ ची, त्यामुळं १३०६ ची लायब्ररी (डिस्प्ले चालवायचा तयार कोड) तशीच लावली तर चित्र दोन कॉलम सरकतं नाहीतर कडेला बर्फ पडल्यासारखे ठिपके राहतात, आणि माणूस रात्रभर वायरी हलवत बसतो. लायब्ररी बदला, वायरी हलवू नका. स्पेअर घेताना त्याच चिपचा, त्याच आकाराचा घ्या, आणि घेतल्या घेतल्या दोन्ही शेजारी ठेवून पिनांचा क्रम बघा. दुकानातच बघा. गल्ल्यावर पैसे देताना बघा.

पिवळा-निळा वाला घेतलात तर त्यात रंग बदलता येतो असं समजू नका, वरच्या १६ ओळी कायम पिवळ्या, खालच्या ४८ निळ्या. आम्हाला ते बरं पडलं, वर पिवळ्यात नदीचं नाव, खाली पातळी. आकडा चुकून मधोमध आला तर अर्धा पिवळा अर्धा निळा दिसतो, त्यात फार कला नाही.

सोल्डरिंग: हेडर पट्टी सुटी येते, लावून घ्या, नुसती भोकात खोचून चालत नाही. एवढंच.

काच मात्र सांभाळा. काचेच्या खालच्या कडेनं जी पातळ पिवळट पट्टी मागं वळून बोर्डाला चिकटलेली असते ना, तिच्यातनंच सगळ्या लायनी जातात. ती दुमडली, तिला नख लागलं की संपलं. गेल्या वर्षीचा पहिला डिस्प्ले त्यानंच गेला, कुणीतरी लहान पोरानं "टच आहे का हे?" म्हणून अंगठ्यानं दाबला. टच नाही. पुढं ॲक्रिलिकचा तुकडा लावा, उद्यमनगरात कुणीही कापून देईल, आणि स्क्रू फार आवळू नका. ग्लू गन त्या पट्टीच्या जवळपास नेऊ नका.

वायरिंग. उनो किंवा नॅनोवर एसडीए म्हणजे ए४, एससीएल म्हणजे ए५. दुसरा बोर्ड असेल तर, ईएसपी८२६६ वाल्या नोडएमसीयूवर डी२ आणि डी१, ईएसपी३२ वर २१ आणि २२, हे नेहमीचे. वायरी छोट्या ठेवा. आयटूसी हा बोर्डावरच्या बोर्डावर बोलायला केलेला प्रकार आहे, मॉडेल दिसायला छान व्हावं म्हणून डिस्प्ले दीड मीटर लांब नेलात तर मध्येच गोठतो किंवा कचरा दाखवतो. लांब न्यायचाच असेल तर वेग कमी करा, ॲडाफ्रूट कंपनीची लायब्ररी डिस्प्लेशी बोलताना स्वतःहून ४०० किलोहर्ट्झवर जाते, तो आकडा ऑब्जेक्ट बनवतानाच १०० करता येतो. आणि वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, जंपर पट्टी फाडली की हाताला येईल तो रंग, माझ्या कनेक्टरात जीएनडी पांढरी होती. यंदा लाल म्हणजे व्हीसीसी, काळी म्हणजे जीएनडी, आणि लाल-काळी सुट्या ठेवल्यात, एका कनेक्टरात कोंबलेल्या नाहीत. म्हणजे जोडताना झक मारत पिनेचं नाव वाचावं लागतं. तेच तर पाहिजे.

ॲड्रेस, म्हणजे आयटूसीवर डिस्प्लेला हाक मारायचा नंबर. आधी आयटूसी स्कॅनर (तो नंबर शोधणारा छोटा प्रोग्राम) चालवा, बहुतेक मॉड्यूल झिरो-एक्स-थ्री-सी वर सापडतात. मागच्या बाजूला सेव्हन-एट किंवा सेव्हन-ए छापलेलं असतं त्यानं गोंधळू नका, तो तोच ॲड्रेस आहे, एक बिट डावीकडं सरकवून लिहिलेला. ॲडाफ्रूटच्या १२८ बाय ६४ च्या उदाहरणात थ्री-डी असतं, ते थ्री-सी करा, नाहीतर स्क्रीन काळी राहणार आणि तुम्ही डिस्प्लेला शिव्या देणार. स्कॅनरला काहीच सापडलं नाही तर एसडीए-एससीएल अदलाबदल झालेत का बघा, त्यानं काही जळत नाही. जळतं ते व्हीसीसी-जीएनडीनं. स्कॅनर चालवायलासुद्धा डिस्प्ले जोडावा लागतो, आणि जोडायच्या आधी काय करायचं ते वर लिहिलंय.

मेमरीचा हिशोब लय जणांना गंडवतो. १२८ गुणिले ६४ ठिपके, ८ ठिपक्यांचा एक बाईट, म्हणजे १०२४ बाईट लागले नुसते चित्र धरून ठेवायला. नॅनोकडं रॅम सगळी मिळून २०४८. कंपाईल झाल्यावर आयडीई (कोड लिहायचं आर्डुइनोचं सॉफ्टवेअर) "५५ टक्के वापरली" असं सांगते आणि आपण निवांत होतो, पण ॲडाफ्रूटची लायब्ररी हे १०२४ बाईट प्रोग्राम सुरू झाल्यावर मागते, त्यामुळं ते त्या टक्क्यात धरलेलेच नसतात. ५५ अधिक ५० किती होतात बघा. मग डिस्प्ले सुरू करणारं बिगिन फंक्शन फेल जातं आणि स्क्रीन काळी, किंवा चालतं आणि पाचेक मिनिटांनी काहीतरी भलतंच होतं. सिरीयलवर छापायची वाक्यं एफ मॅक्रोत घाला, बिटमॅप (ठिपक्यांची चित्रं) प्रोगमेममध्ये टाका, दोन्हींनी ते रॅम सोडून प्रोग्रामच्या मेमरीत राहतं, किंवा सरळ यू८जी२ लायब्ररीचा पेज मोड वापरा, त्यात १२८ बाईटमध्ये भागतं, चित्र तुकड्यातुकड्यानं काढलं जातं, थोडं हळू, पण आपल्याला काय सिनेमा दाखवायचाय.

मराठी अक्षरं. ॲडाफ्रूटच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, आणि अक्षरं एकेक करून मांडली तर काना-मात्रा-वेलांट्या आपापल्या जागी बसत नाहीत. "इशारा" आणि "धोका" हे दोनच शब्द पाहिजे होते, तर ते कॉम्प्युटरवर मोठ्या फॉन्टात लिहून काळं-पांढरं चित्र केलं आणि बिटमॅप म्हणून घातलं. चित्र एक्सबीएम स्वरूपात बनवलं असेल तर फंक्शनही एक्सबिटमॅपचंच वापरा, त्यातला बिटांचा क्रम उलटा असतो. चुकलं तर प्रत्येक ८ ठिपक्यांचा पट्टा आरशात बघितल्यासारखा उलटतो आणि "धोका" मोडी लिपीत असल्यासारखा दिसतो. एका आजोबांना ते वाचता येईल असं वाटलं होतं, नाही आलं.

अक्षरांचा आकार. ०.९६ इंच हे कर्णाचं माप आहे, म्हणजे जेमतेम अडीच सेंटीमीटर, बाजूंना मोजाल तर अजून कमी. साईझ १ ला एका ओळीत २१ अक्षरं मावतात पण ती वाचायला नाक लावावं लागतं. साईझ २ ला १० अक्षरांच्या ४ ओळी, आणि त्या बरोबर १६ ठिपके उंच म्हणून पिवळ्या पट्ट्यात फिट बसतात. पातळीचा आकडा साईझ ३ ला. उन्हात काही दिसत नाही, खिडकीकडं पाठ करून ठेवा. आणि दशांश दाखवू नका, सेन्सर ३ मिलिमीटर इकडंतिकडं झाला की आपल्या स्केलवर अर्ध्या फुटाच्या वर फरक पडतो, मग ४१.२७ फूट कुणाला सांगताय.

तीन दिवस प्रदर्शन असेल तर एकच मजकूर सारखा पेटवून ठेवू नका. यात बॅकलाईट नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि जो जास्त जळतो तो आधी थकतो, मग नंतर दुसरं चित्र दाखवलं तरी आधीच्या अक्षरांची सावली दिसते. दर मिनिटाला दोन ठिपके सरकवा, कॉन्ट्रास्ट उतरवा, जेवणाच्या सुट्टीत बंद करा.

पॉवर. पॉवर बँक नेणार असाल तर घरी तासभर चालवून बघा, या सगळ्याचा करंट इतका कमी असतो की काही पॉवर बँकांना वाटतं मोबाईल चार्ज झाला, आणि त्या स्वतःच बंद होतात. चार्जर आणि लांब केबल बरोबर न्या. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी नको.

आता स्पेअर. स्पेअर म्हणजे पिशवीत पडलेला डिस्प्ले नव्हे. स्पेअर म्हणजे आदल्या रात्री, त्याच मॉडेलात, त्याच वायरींना, तोच कोड चालू असताना जोडून, अर्धा तास चालवून, काढून, परत ठेवलेला डिस्प्ले. मी नवीन पाकीट न फोडताच नेलं होतं, कसं कोरं करकरीत आहे याचं कौतुक वाटत होतं. पाकीट फोडा. पिनांची नावं वाचा. मोठ्यानं वाचा, भाचीला वाचायला लावा, ती वाचेल तशी तुम्ही वायर लावा. आता तिचाच हा नियम आहे, "मी वाचतो, तू लाव, मधी बोलायचं नाही." क्रम वेगळा निघाला तर स्पेअर बाद करायची गरज नाही, पाठीवर मार्करनं खूण करा. ताईचं लाल नेलपॉलिश त्यासाठी एक नंबर आहे, व्हीसीसीच्या पिनेपाशी एक ठिपका, घासला तरी जात नाही.

आणि डिस्प्ले बदलायचा तो सप्लाय काढून, चालू असताना नाही. हे पण मी केलं होतं, परीक्षक दिसले की डोकं चालत नाही.

पॅकिंग: टूथब्रशच्या डबीत कापूस नको, फोम. वरची प्लास्टिकची फिल्म टेबलावर गेल्यावर काढा. सोबत छोटा स्क्रूड्रायव्हर, टेप, चार जास्तीच्या जंपर, लॅपटॉपमध्ये कोड, नॅनो क्लोन असेल तर सीएच३४० चा (त्यावरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर आणि आयडीईत ओल्ड बूटलोडरचा पर्याय लागतो का ते आधीच बघून. एक पुठ्ठा आणि स्केचपेन पण, गेल्या वर्षी शेवटी त्यावरच पातळी लिहून भाचीनं सगळं तोंडी समजावलं आणि खरं सांगायचं तर बरं समजावलं.

सकाळी. पाणी तिथंच भरा, भरलेली पेटी रिक्षातनं नेऊ नका. सेन्सर पुसा. चालू करा. ३९ ला इशारा येतोय का, ४३ ला धोका येतोय का, एकदा बघा. झालं.

यंदा तीन डिस्प्ले आहेत. दोघांच्या पाठीवर लाल ठिपका झालाय, तिसऱ्याच्या वेळी बाटली संपली आणि ताई म्हणते आता स्वतःच्या पैशानं आण. तो तिसरा जीएनडी आधी वाला आहे.