/बूट भरलं म्हणून सर्व्हर घालवू नका: या चुका टाळा

लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपग्रेड करताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' दिसलं की लोक घाबरतात, आणि घाबरून जे करतात त्यानेच सर्व्हर बसतो. नुसतं /बूट (कर्नलच्या फाइल्स ठेवायची जागा, बऱ्याचदा डिस्कचं वेगळं छोटं पार्टिशन) भरल्याने चालू सर्व्हर बंद पडत नाही, कारण चालू कर्नल आधीच मेमरीत लोड झालेला असतो. वेबसाइट चालू राहते, डेटाबेस चालू राहतो, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. फक्त अर्धवट अवस्थेत रीबूट मारायचा नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय आणि तरी दर थोड्या दिवसांनी कोणीतरी तेच करून फोन करतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. उबंटू-डेबियन धरून लिहितोय, रेड हॅटवाल्यांसाठी खाली वेगळं आहे.

आधी ते का भरतं ते बघा. एका कर्नलच्या /बूटमध्ये चार फाइल्स असतात: व्हीएमलिनझ (खुद्द कर्नल), सिस्टिम मॅप, कॉन्फिग आणि इनिटआरडी (बूट होताना सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल). व्हीएमलिनझ साधारण १०-१५ एमबी, पण इनिटआरडी ६०-१०० एमबी सहज जाते, कधी त्याच्याही वर. जुन्या इन्स्टॉलरने एलव्हीएम (डिस्कचे लवचिक भाग पाडायची सोय) किंवा एन्क्रिप्शन घेतलं की /बूट वेगळं काढलंय आणि तेही २५०-५०० एमबीचं, त्यात तीन कर्नल आले की संपलं. शिवाय नवी इनिटआरडी बनताना आधी शेवटी .न्यू लावलेली फाइल तयार होते आणि पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदलतं, म्हणजे असलेली इनिटआरडी नुसती अपडेट करायची असली तरी तेवढी जागा जास्तीची मोकळी लागते. डीएफला (मोकळी जागा दाखवणारी कमांड) ३० एमबी मोकळे दिसतायत आणि तरी अपग्रेड फेल का, याचं उत्तर हे.

आरएम मारून फाइल्स उडवणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक आहे. /बूटमध्ये जायचं, एलएस मारून यादी बघायची, मोठ्या फाइल्स दिसल्या की आरएम, म्हणजे डिलीट. एका पतसंस्थेत त्यांच्या आयटीच्या मुलाने रात्री अपग्रेड लावला, इनिटआरडी बनताना जागा संपली, त्याने सरळ स्टार लावून सगळ्या इनिटआरडी उडवल्या, जी चालू कर्नलची होती तीसुद्धा. मग डीएफ मारलं तर मस्त निम्मं पार्टिशन मोकळं, त्याला वाटलं झालं काम, आणि रीबूट. मला फोन आला तेव्हा स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक (०,०)' होतं. "सर, डिस्क गेली का?" डिस्क ठणठणीत होती. मी म्हटलं ग्रबच्या (बूट करताना कर्नल निवडून देणारा प्रोग्रॅम) मेनूत जा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवड. निवडला, तर फाइल नॉट फाउंड, आणि पुन्हा तेच पॅनिक, कारण एलव्हीएमवरचं रूट (मुख्य फाइल सिस्टिम) माउंट करायला, म्हणजे जोडायला, इनिटआरडी लागते आणि ती एकाही कर्नलची शिल्लक नव्हती. नवा कर्नल मेनूत नव्हताच, इनिटआरडी फेल झाल्यामुळे ग्रब अपडेट होण्यापर्यंत गाडी गेलीच नव्हती.

मग लाइव्ह पेनड्राइव्ह लावायला लावला, व्हॉल्यूम ग्रुप ॲक्टिव्हेट केला, रूट माउंट, त्यात /बूट माउंट, डेव्ह-प्रॉक-सिस बाइंड, सीएचरूट (म्हणजे पेनड्राइव्हवरून त्या सर्व्हरच्या सिस्टिममध्ये शिरणं), आणि आत डीपीकेजीला (पॅकेजेस टाकणारं-काढणारं टूल) कॉन्फिगर मायनस ए, म्हणजे अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण कर. इनिटआरडी बनली, ग्रब अपडेट झाला, एका जुन्या कर्नलची इनिटआरडी पण बनवून घेतली. सकाळी काउंटर उघडायच्या आत सर्व्हर वर आला, पण पोराची रात्र गेली. तो मुलगा बिनडोक नव्हता, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं की जागा मोकळी होणं आणि अपग्रेड पूर्ण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या क्षणी रीबूटऐवजी डीपीकेजीची ती एक कमांड मारली असती तरी नव्या कर्नलची इनिटआरडी बनून गेली असती.

माझी पद्धत सांगतो. पहिलं युनेम मायनस आर (चालू कर्नलचं व्हर्जन दाखवतं), आणि जे व्हर्जन येईल ते कागदावर लिहायचं, हो कागदावर, कारण व्हर्जनचे आकडे एकसारखे दिसतात आणि रात्री ५१ आणि ५७ मध्ये गोंधळ होतो. मग डीपीकेजी मायनस एलने कर्नलची पॅकेजेस बघायची. मग ॲप्ट ऑटोरिमूव्ह (नको असलेली पॅकेजेस काढणं), पर्जसकट, म्हणजे कॉन्फिगसुद्धा काढून. बऱ्याचदा इथेच काम होतं.

होत नाही तेव्हा मात्र खरी गंमत असते: ऑटोरिमूव्ह म्हणतं डिपेंडन्सी तुटल्यात आधी फिक्स ब्रोकन चालव, आणि फिक्स ब्रोकन नवा कर्नल टाकायला जातं ज्याला जागा नाही, गोल गोल फिरत बसा. अशा वेळी ॲप्ट सोडायचं आणि डीपीकेजी पर्जने सगळ्यात जुन्या एका कर्नलची इमेज, मॉड्यूल्स, मॉड्यूल्स-एक्स्ट्रा ही पॅकेजेस एकाच कमांडमध्ये नावं देऊन काढायची, हेडर्स आडवे आले तर तेही. तेही अडलंच तर सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटआरडी मी एमव्हीने रूट युजरच्या होम फोल्डरमध्ये हलवतो. हलवतो, उडवत नाही. मग कॉन्फिगर मायनस ए, मग फिक्स ब्रोकन, मग तो जुना कर्नल रीतसर पर्ज. शेवटी एलएस मारून नव्या व्हर्जनची व्हीएमलिनझ आणि इनिटआरडी दोन्ही आहेत का, इनिटआरडीची साइज बाकीच्यांसारखी आहे का, एवढं डोळ्यांनी बघितल्याशिवाय रीबूट नाही.

नेटवरून उचललेली एका ओळीची कमांड

डीपीकेजी, ग्रेप, ऑक, एक्सआर्ग्ज असं पाइप लावून 'सगळे जुने कर्नल एका झटक्यात' अशी ओळ सगळीकडे फिरत असते. त्यातल्या बऱ्याच ओळी फक्त चालू कर्नल वगळतात आणि बाकी सगळं जुनं समजतात. म्हणजे काल सिक्युरिटी अपडेटमध्ये आलेला, अजून रीबूट न झालेला सगळ्यात नवा कर्नल पण जातो. त्याच्यासोबत लिनक्स-इमेज-जेनेरिक हे मेटा पॅकेज (स्वतःत काही नसलेलं, नेहमी सगळ्यात नवा कर्नल ओढून आणणारं पॅकेज) पण जातं कारण ते त्याच नव्या कर्नलवर अवलंबून असतं, आणि हे मेटा पॅकेज गेलं की पुढे कर्नलचे अपडेट येणंच बंद. एरर नाही, वॉर्निंग नाही, बाकीची पॅकेजेस अपडेट होत राहतात, आणि सर्व्हर महिनोन्‌महिने त्याच जुन्या कर्नलवर बसून असतो. /बूट भरण्यापेक्षा हे कितीतरी वाईट आहे. कमांड काय करते ते ओळीने सांगता येत नसेल तर ती प्रॉडक्शनवर चालवायची नाही, यात मी कोणाचं ऐकत नाही. ज्यांना पाच मिनिटं थांबून पॅकेजची यादी वाचायचा कंटाळा येतो त्यांनी रूटचा पासवर्ड दुसऱ्याकडे द्यावा.

बाकीच्या चुका पटापट. /व्हार/लॉग साफ करून उपयोग नाही, ते /बूटच्या पार्टिशनवर नसतं. /बूट/ईएफआय पण वेगळं आहे, तिथे हात लावू नका, तिथून काढलेली जागा /बूटला मिळत नाही. इनिटआरडी परत बनवताना 'ऑल' देऊ नका, सगळ्या कर्नलच्या बनायला लागतात आणि पुन्हा जागा संपते, व्हर्जन देऊन एकाचीच बनवा. कर्नल होल्ड करून ठेवणं, म्हणजे त्याचे अपडेट रोखणं, हा उपाय नाही, ती पळवाट आहे.

इनिटआरडी लहान व्हावी म्हणून मॉड्यूल्सची सेटिंग मोस्टवरून डेपवर करा असं काही जण सांगतात. साइज कमी होते हे खरं, पण मग फक्त त्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर आत जातात, आणि उद्या व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेली, डिस्क कंट्रोलर बदलला, की बूटच होत नाही. मी हे व्हीएमवर करत नाही.

रेड हॅट, अल्मा, रॉकीवाल्यांनो, तुमच्याकडे डीएनएफच्या कॉन्फिगमध्ये इन्स्टॉलओन्ली-लिमिट (किती कर्नल ठेवायचे तो आकडा) असतं, डीफॉल्ट ३. लहान /बूट असेल तर ते २ करा आणि डीएनएफ रिमूव्हला ओल्डइन्स्टॉलओन्ली देऊन जुने काढा. रेस्क्यूची इमेज मोठी दिसते म्हणून लोक तीच पहिली उडवतात, ती अडचणीच्या वेळी लागते, राहू द्या.

अजून एक, हे फार कोणी बघत नाही: /बूट माउंट आहे का? नसेल तर अपग्रेड विनातक्रार पार पडतो, फाइल्स रूटमधल्या रिकाम्या फोल्डरमध्ये जातात, आणि रीबूटनंतर जुनाच कर्नल येतो, मग दिवसभर डोकं खाजवत बसायचं. अपग्रेडच्या आधी डीएफ मारताना आउटपुटमध्ये /बूटची स्वतःची ओळ आहे ना ते बघा, आणि इनिटआरडीच्या दुप्पट जागा मोकळी नसेल तर आधी साफसफाई, मग अपग्रेड. मॉनिटरिंग लावलेलं असेल तर /बूटला पण ८० टक्क्यांवर अलर्ट लावा, बहुतेक ठिकाणी फक्त रूट आणि डेटा पार्टिशनला लावलेला असतो.

आणि चालू सर्व्हरवर पार्टिशन वाढवायला जाऊ नका. /बूट डिस्कच्या सुरुवातीला असतं, त्याला चिकटून एलव्हीएम, म्हणजे आधी मागचं सरकवायचं, आणि त्यात एक्सएफएस (एक फाइल सिस्टिम) असेल तर ते लहानच होत नाही. जुना सर्व्हर दोन कर्नलवर नीट चालतो. नवीन लावाल तेव्हा सरळ २ जीबी द्या.