छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ काढताना या चुका टाळा

दोन आडबाजूच्या विमानतळांची नावं टाकली की कॅल्क्युलेटर क्षणात किलोमीटर आणि मिनिटं दाखवतो. किलोमीटर बहुतेक वेळा बरोबर असतात. दगा देतात ती मिनिटं, आणि त्यांच्या भरवशावर पुढचं विमान बुक केलेल्या प्रवाशाचे फार हाल होतात.

सगळ्यात मोठी चूक वेगाची. अनेक कॅल्क्युलेटर मोठ्या जेटचा, म्हणजे ताशी 800 किमी किंवा त्याहून जास्त वेग धरतात. आखूड धावपट्टीवर उतरतं ते सहसा एटीआर 72 सारखं पंख्यांचं विमान. त्याचा वेग ताशी 500 किमीच्या आसपास. त्यामुळे 400 किमीला स्क्रीनवर अर्धा तास दिसतो, प्रत्यक्षात 48 मिनिटं लागतात. समोरून ताशी 80 किमीचा वारा असेल तर 57. परतताना तोच वारा पाठीशी, म्हणून 41. जाता-येता हिशेब फिटेल असं वाटतं, पण फिटत नाही: वारा नसता तर एकूण 96 मिनिटं, वाऱ्यासह 98 च्या वर. कारण उघड आहे, वारा विरोधात असतानाच विमान जास्त वेळ हवेत असतं.

हे झालं नुसतं हवेतलं गणित. वर चढताना आणि खाली येताना वेग कमी असतो. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. समांतर टॅक्सीवे (धावपट्टीच्या बाजूने जाणारा विमानांचा रस्ता) नसेल, तर विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जातं, तिथे वळतं आणि मग उड्डाण घेतं. निघालेल्या उत्तरात 20 मिनिटं तरी मिळवाच.

अक्षांश-रेखांश हाताने टाकत असाल तर नीट बघा. एका अंशात 60 मिनिटं, म्हणून अक्षांश 20 अंश 45 मिनिटं म्हणजे 20.75. तिथे 20.45 टाकलं तर विमानतळ 33 किमी सरकला! पश्चिम रेखांशाचं उणे चिन्ह राहिलं तर तो पूर्व गोलार्धातच जाऊन बसतो. मैलांचंही तसंच: विमानवाहतुकीतला नॉटिकल मैल 1.852 किमीचा, रस्त्यावरचा 1.609 चा.

सारख्या नावांच्या बाबतीत विमानतळाच्या तीन अक्षरी कोडवरच विश्वास ठेवा. कॅनडात सेंट जॉन (वायएसजे) आणि सेंट जॉन्स (वायवायटी) यांच्यात हजार किमीहून जास्त अंतर आहे, आणि घड्याळात अर्ध्या तासाचा फरक.

घड्याळ तर वर्षभर एकसारखंही राहत नाही. ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाउ बेट हिवाळ्यात सिडनीच्या अर्धा तास पुढे असतं, उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ. सुटण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून सरळ वजा केली, तर हिवाळ्यात उड्डाणाचा वेळ अर्ध्या तासाने चुकतो.

आणि मुळात थेट विमान आहे का, हे आधी तपासा. नसेल तर सरळ रेषेतलं अंतर बाजूला ठेवा. मधल्या मोठ्या विमानतळापर्यंतचा टप्पा, तिथली थांबणूक आणि पुढचा टप्पा वेगवेगळा मोजा. दुसरं विमान आठवड्यातून ठरावीक वारीच असेल, तर मिनिटं मोजण्याआधी तो वार बघा.