शरीराच्या वाटेनं ट्रॉमावर काम करताय? या चुका टाळा

सोमॅटिक थेरपीकडे, म्हणजे मनावरच्या आघातावर (ट्रॉमावर) शरीरातल्या संवेदनांच्या मदतीनं काम करणाऱ्या उपचाराकडे, वळणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं: आत काहीतरी अडकलंय, ते एकदाचं बाहेर पडलं की सुटलो. मग धाय मोकलून रडू आलं, अंग थरथरलं, तर सेशन जमलं. नाहीतर फुकट गेलं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आघात म्हणजे अंगात साचलेला गाळ नव्हे. संकट येऊन गेलेलं असतं, पण मज्जासंस्थेला ते कुणी सांगितलेलं नसतं. ती अजून लढायच्या, पळायच्या नाहीतर थिजायच्या पवित्र्यातच असते. तिला थोडं थोडं करून सैल व्हायला शिकवायचं, एवढंच हे काम. १९७० च्या दशकापासून 'सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंग' ही पद्धत घडवणाऱ्या पीटर लेव्हीन यांनी यासाठी 'टायट्रेशन' हा शब्द थेट रसायनशास्त्रातून उचलला. थेंब थेंब टाकलं तर अभिक्रिया हातात राहते, भांडं एकदम उपडं केलं तर फसफसून उतू जातं.

म्हणजे आठवणीत उडी मारायची नाही, काठावर उभं राहायचं. छातीतलं आवळणं काही सेकंद जाणवू द्यायचं आणि मग लक्ष अंगातल्या एखाद्या बऱ्या जागी न्यायचं: तळपायांवर, खुर्चीला टेकलेल्या पाठीवर. आणि पुन्हा परत. बाहेरून बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल. वाटू दे. सेशननंतर दोन-तीन दिवस झोप उडत असेल, बारीकसारीक गोष्टींवर भडका होत असेल, तर 'जखम भरताना दुखतंच' म्हणून दात-ओठ खाऊन सोसू नका. मात्रा जास्त झाली आहे. थेरपिस्टला तसं सांगा आणि पुढच्या वेळी निम्म्यावर थांबा.

डोळे मिटून आत बघण्याचा हट्ट

ज्यांच्या शरीरावरच हल्ला झाला, त्यांच्यासाठी 'शरीरात लक्ष द्या' ही सूचना म्हणजे त्याच खोलीत परत कोंडणं. लक्ष आत नेताच धडधड वाढत असेल तर तुम्हाला ध्यान जमत नाही असं नाही, सुरुवातीची जागा चुकली आहे. डोळे उघडे ठेवा. मान सावकाश वळवून खोली बघा, दार कुठे आहे ते बघा. छाती-पोटाऐवजी हातापायांपासून सुरू करा. बसवत नसेल तर चाला. गप्प बसलंच पाहिजे असा नियम नाही.

भराभर खोल श्वास

जोरजोरात श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ओठ, बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, गरगरतं, कधी हाताची बोटं आखडतात. याला 'ट्रॉमा निघतोय' म्हणणारे पुष्कळ भेटतील. हा श्वासाचा परिणाम आहे, बाकी काही नाही. नेहमीसारखा श्वास घ्या, सोडताना जरा लांबवा. तेही नको वाटलं तर श्वासाचा नाद सोडा. अपस्मार, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर जोरदार श्वसनाच्या सत्रांच्या वाटेला जाऊच नका.

सुन्नपणाला शांतता समजणं

ही चूक भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते, कारण माणूस शांत दिसतो. फरक असा: खरी शांतता आली की रंग-आवाज स्पष्ट होतात, भूक लागते, बोलावंसं वाटतं. सुन्नपणात आवाज लांबून येतो, हात आपले वाटत नाहीत, मधली दहा मिनिटं कुठे गेली ते कळत नाही. अशा वेळी आणखी सैल सोडणं उलटं पडतं. उभं राहा, भिंत दोन्ही हातांनी ढकला, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या.

उलटही होतं. सैल पडताच कुणीकुणी घाबरतं, कारण सावध राहणं हेच वर्षानुवर्षं त्यांचं संरक्षण होतं.

प्रत्येक दुखण्यात भूतकाळ शोधणं

कंबर म्हणजे अमुक भावना, घसा म्हणजे तमुक, असे तक्ते सगळीकडे फिरतात. त्यांना आधार नाही. नुसत्या शारीरिक संवेदनेवरून 'लहानपणी काहीतरी घडलं असणार' असा निष्कर्षही काढता येत नाही. तो सुचवणाऱ्यापासून चार हात दूर राहा. धडधडीमागे थायरॉइड किंवा रक्तक्षयही असू शकतो, आधी तपासणी करा.

सोमॅटिक थेरपीच्या भरवशावर चालू गोळ्या मनानं बंद करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये आघातोत्तर ताणासाठी (पीटीएसडी) ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम करणारी थेरपी) यांची शिफारस केली. सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंगची अशा ताणावरची एक यादृच्छिक नियंत्रित चाचणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना) २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही ६३ जणांची. निष्कर्ष आशादायक होते, पण पुरावा अजून तोकडाच.

आणि स्पर्श. काही पद्धतींत तो असतो, पण दर वेळी विचारून. गेल्या आठवड्यात हो म्हटलं म्हणून आज हो म्हणायलाच हवं असं नाही, आणि 'नको'ला कारण द्यावं लागत नाही. तुमच्या नकाराला कुणी 'रेझिस्टन्स' (उपचाराला मनाचा विरोध) असं नाव देऊन मन वळवू लागलं, तर थेरपिस्ट बदला.