ई-कॅडहेरिनची अँटिबॉडी खराब ठरवण्याआधी

मे महिन्यात आमच्या वर्धा जिल्ह्यात पारा ४५ च्या वर जातो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे फ्लो सायटोमेट्रीत (रंगवलेल्या पेशींची चमक लेझरनं मोजण्याची पद्धत) सिग्नल आला नाही, की सगळे म्हणतात, अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा, रंग जोडलेला रेणू) उन्हानं गेली. माझ्या अनुभवात बरेचदा दोष पेशी वाढवायच्या भांड्यापासून सुटवण्याच्या पद्धतीत निघतो.

ई-कॅडहेरिन हे पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन त्यांना एकमेकींशी चिकटवून ठेवतं, पण कॅल्शियम असेल तरच. पेशी सोडवायला ट्रिप्सिन-ईडीटीए (प्रथिनं कापणारं एन्झाइम आणि एक रसायन) घातलं की ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, आणि उघडा पडलेला बाहेरचा भाग ट्रिप्सिन कापून टाकतं. अँटिबॉडीनं धरायचं काय मग? पेशी नुसत्या ईडीटीएनं, हलक्या हातानं सोडवा. काही क्लोनना (अँटिबॉडीच्या ठरावीक जातींना) कॅल्शियम असतानाचाच आकार ओळखता येतो, म्हणून पुढचं धुणं आणि रंगवणं १ ते २ मिलीमोलर कॅल्शियमच्या बफरमध्ये, बर्फावर करा. सोबत तुलनेसाठी एमसीएफ-७ पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, स्तनाच्या कर्करोगाच्या) घ्याच. त्यांच्यावर हे प्रथिन भरपूर असतं. एमडीए-एमबी-२३१ या तशाच दुसऱ्या पेशींवर ते जवळपास नसतंच. एमसीएफ-७ चमकल्या, तर अँटिबॉडी शाबूत आहे.

विजेचं म्हणाल तर फ्रीजच्या रिकाम्या जागेत गार पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, वीज गेल्यावर थंडावा टिकतो. फ्लुरोसंट रंग जोडलेली कुपी २ ते ८ अंशांवर, फॉइलमध्ये गुंडाळून, मागच्या बाजूला ठेवा, पण मागच्या भिंतीपासून गोठणार नाही इतकी लांब. पीई (फायकोएरिथ्रिन) रंग तर एकदा गोठला की गेलाच.